हनीफचं रानातलं बिऱ्हाड

जेद्दाच्या शराफिया वस्तीत एसी दुरुस्त करणाऱ्या हनीफने सुट्टी लागताच जाहीर करून टाकलं, की यंदा तिथल्या मॉलची पायरी चढायची नाही. अल बाहाच्या डोंगरात ओढ्याकाठी तंबू ठोकायचा आणि रानात राहायचं. "मी रत्नागिरीचा आहे," तो बायकोला म्हणाला. "झाडं आणि पाणी मला शिकवू नकोस."

नूरुन्निसाने काही शिकवलं नाही. स्वतःचा आणि लेकीचा, अरवाचा, स्वेटर तेवढा बॅगेत भरला.

ओढा झकास होता. तंबू मात्र उभा राहीना. एक टोक ताणलं की दुसरं रुसलेल्या व्याह्यासारखं बसकण मारी. दोन तासांनी तंबू कसाबसा उभा राहिला, तेव्हा हनीफ आडवा झाला होता आणि डोंगरातली थंडी सुरू झाली होती.

तेवढ्यात शेजारच्या डाळिंबाच्या बागेचे मालक, इमाद नावाचे म्हातारे अरब, काठी टेकत आले. इथे काय चाललंय, म्हणाले. आम्हाला घर नको, आम्ही मजेत आहोत, असं हनीफला सांगायचं होतं. त्याच्या कामचलाऊ अरबीत त्याचं झालं, "माफी बैत." म्हणजे, घरच नाही.

इमादचाचांनी वाकडा तंबू पाहिला, कुडकुडणारा हनीफ पाहिला. त्यांचे डोळे भरून आले.

"तुझा कफील कोण?"

हनीफने घाबरून कफीलचा, म्हणजे त्याला कामावर ठेवणाऱ्या मालकाचा, नंबर देऊन टाकला. चाचांनी फोन लावला आणि असा तोफखाना सोडला, की कड्यावरची माकडं गप्प झाली. बायकापोरांच्या माणसाला रस्त्यावर काढतोस? कफील बिचारा शपथा घेऊ लागला. दोन खोल्यांचा फ्लॅट दिलाय, त्यात एसी तीन आहेत!

शाळेत अरबी शिकणारी अरवा हे सगळं आईला आपल्या बोलीत खुशीत ऐकवत होती.

फोन ठेवून चाचा नूरुन्निसाकडे वळले. "मुली, म्हणजे यानेच तुला घराबाहेर काढलं?"

अरवाने तेही सांगितलं. चला, आता बायको खुलासा करेल, म्हणून हनीफने सुटकेचा श्वास सोडला.

नूरुन्निसाने ओढणी डोळ्यांना लावली आणि हळूच होकारार्थी मान हलवली.

मायलेकी चाचांच्या घरात, चाचींच्या जाड गाद्यांवर गेल्या. हनीफसाठी भात-मटणाचं ताट तंबूत आलं. चाचा घराच्या दारात काठी घेऊन बसले होते, म्हणून त्याने कुंपणाबाहेरूनच हाक मारली, "अगं, त्यांना खरं काय ते सांग ना."

"सांगते हो," खिडकीतून उत्तर आलं. "सकाळी. नाश्ता झाल्यावर."