निफाडच्या थंडीला अर्धा कप चहा

मेंदूतली गाठ गोठवायची असली की आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात निफाडची थंडी स्वतः येते. सकाळच्या एसटीने येते. शेजारच्या प्रवाशाला त्रास नको म्हणून दोन स्वेटर घालते.

माझी बायको चारुशीला जिल्ह्याची कॅरम चॅम्पियन. तिच्या मेंदूत आवळ्याएवढी गाठ झाली आणि उजव्या हाताच्या मज्जातंतूंना खेटून बसली. स्ट्रायकर बोटापुढून हलेना.

"गाठ जाईल," डॉक्टर सबनीस म्हणाले, "पण थंडी जरा इकडे सरकली तर तंतूही गोठतील. मग हात गेला."

चारुशीला म्हणाली, "अहो, तुम्हाला हरवायला मला डावा हात पुरे आहे." पण रात्रभर तिने उजवा हात उशाशी जपून ठेवला होता, ते मी पाहिलं होतं.

थंडीबाई आल्या त्या थेट वऱ्हांड्यात माझ्यासमोर. पाहुणी दिसली की माझा हात थर्मासकडे जातो, त्याला मी तरी काय करणार?

"घोटभर घ्या."

"नको हो, कामावर आहे."

"अर्धा कप."

"खरंच नको."

"असं कसं? आमच्याकडे आलात आणि चहाही नाही?"

तिसऱ्या आग्रहाला आमच्या भागात कोणी नाही म्हणत नाही. त्यांनी चहा घेतला.

"टिळेकर, काय करून बसलात हे!" डॉक्टर ओरडले. थंडीबाईंची बोटं तपासली गेली. नऊ बोटं व्यवस्थित होती. दहावं, उजवी करंगळी, कोमट निघालं.

"आलं जरा जास्त होतं," त्या ओशाळून म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत उतरायचं नाही."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "मग करंगळी तंतूंवर ठेवा आणि बाकीच्या बोटांनी गाठ धरा."

तसंच झालं. चारुशीला टेबलावर टक्क जागी, शेजारी कॅरमबोर्ड. समोर खेळायला कोणीतरी हवं म्हणून नियमाप्रमाणे मला आत घेतलं. थंडीबाईंनी स्वेटर काढले. गाठ पांढरी होत गेली. करंगळीखालचे तंतू मात्र गुलाबीच राहिले.

"मारा," डॉक्टर म्हणाले.

चारुशीलाचं बोट थरथरलं, वाकलं, सुटलं. राणी गेली! मी टाळ्या वाजवल्या, डॉक्टरांनी मास्कमधूनच शिट्टी मारली.

"थांबा," थंडीबाई म्हणाल्या. "कव्हर कुठंय?"

चारुशीलाने स्ट्रायकर पुन्हा लावला आणि शांतपणे पांढरी सोंगटी घातली.

"झालं कव्हर," ती म्हणाली. "अहो, रडताय काय? डाव अजून संपलेला नाही."

मी रडत रडत खेळलो आणि हरलो.

एसटी सुटताना थंडीबाईंनी खिडकीतून हाक मारली. "मंगळवारी इथेच मणक्यातल्या गाठीची केस आहे. थर्मास घेऊन या. आणि साखर जरा कमी."