ओळीत उगवलेलं रान

कोथरूडच्या कचेरीसमोरची हिरवळ काढून तिथे रानगवत वाढवायचं, ही कल्पना श्यामसुंदर लिमयांची. पाणी नको, खत नको, कात्री नको; कुसळी, टाकळा, आघाडा आपापले उगवणार आणि फुलपाखरं फुकट येणार. दोन वर्षं लोक नाकं मुरडत होते, म्हणून लिमयांनी पाटीही लावली होती: 'ही बाग आहे. गवत मुद्दाम वाढवले आहे. सल्ला नको.' साहेबांनी मात्र बजावलं होतं, की सोमवारी निसर्गस्नेही बागेचं प्रमाणपत्र हुकलं, तर हिरवळ परत येईल आणि लिमये तळघरातल्या स्टोअरमध्ये जातील.

माळी दोन महिन्यांच्या रजेवर होता. शनिवारी त्याच्या जागी लोणी काळभोरच्या बायडाबाई आल्या. "सोमवारी पाहुणे यायचेत, बाग नीट ठेवा," एवढं सांगून लिमये निर्धास्त घरी गेले.

सोमवारी नऊ वाजता ते फाटकातच थिजले. समोर काळीभोर, भुसभुशीत जमीन, आणि मधोमध फक्त पाटी.

"बाई, बाग कुठंय?"

"सगळं तणच व्हतं की! दोन दिस खुरपत हुते. पाव्हणं येणार अन् दारात आघाडा? माझ्या सासूनं घरात घेतलं नसतं मला. मेथीबी टाकलीया. वाफा रिकामा बरा दिसंना."

"आणि गवत?"

"भित्तीमागं ढीग हाय. म्हशीला न्यायचाय."

पाहुणे अकराला येणार होते. लिमयांनी धावत वर जाऊन अख्खी कचेरी खाली आणली. चाळीस इंजिनिअर मातीत गुडघे टेकून ढिगातलं तण परत लावायला लागले. बायडाबाईंना आधी हसू आवरेना. पण वाकडीतिकडी लागवड काही त्यांना बघवेना.

"दोरी धरा! वीतभर जागा सोडा! ओ चष्मेवाले, मुळी वर राह्यली!"

पावणेअकराला कांद्याच्या वाफ्यासारखा सरळ ओळीत आघाडा उभा राहिला.

परीक्षक सुनीतीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अहो, हे आपोआप उगवलंय?"

लिमयांनी नखांतली माती झटकली. "पुण्यातलं गवत आहे, मॅडम. शिस्तीत उगवतं."

"दिसतंय," म्हणून बाईंनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं.

महिन्याने प्रमाणपत्र आलं तेव्हा लिमयांना आनंदाने रडूच फुटलं. खाली बारीक अक्षरात अट होती: रानगवताची ही दुर्मिळ रचना जशीच्या तशी राखावी, मध्ये दुसरं काहीही उगवल्यास त्वरित उपटावं. लिमयांनी खिडकीतून खाली पाहिलं. तणाच्या ओळींमधून मेथी तरारून वर आली होती.

त्या दिवसापासून लिमये सकाळी उकिडवे बसून गवतातली मेथी खुरपू लागले. बायडाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या असत.

"सायब, मुळासकट काढा. न्हाईतर परत फुटंल."

पहिल्याच संध्याकाळी भलीमोठी जुडी घरी गेली. त्यांच्या पत्नी श्यामलाबाई पानं खुडता खुडता म्हणाल्या, "अहो, दोन वर्षांत तुमच्या बागेतून पहिल्यांदाच काहीतरी कामाचं आलं."

"हळू बोल," लिमये दाराकडे बघत म्हणाले. "ते तण आहे."