आवक : पाच ठोके

बाईंना साथीचा ताप आला आणि पहिल्याच दिवशी त्यांचा आवाज बसला. चाळीस पोरांच्या वर्गाला सव्वीस वर्षं धाकात ठेवणारा तो आवाज! डॉक्टरांनी फोनवरून बजावलं, "दहा दिवस वरच्या खोलीत वेगळं राहायचं. घशाला पूर्ण विश्रांती. फोनसुद्धा जवळ नको, हातात फोन आला की शिक्षक बोलतातच." बाईंनी निमूटपणे फोन नवऱ्याच्या हवाली केला, वर्गातला लाकडी डस्टर उशाशी घेतला आणि दार लावण्याआधी लाल शाईत एक यादी लिहून दिली. जमिनीवर डस्टरचा एक ठोका म्हणजे चहा, दोन म्हणजे पाणी, तीन म्हणजे गुळण्यांचं गरम पाणी, चार म्हणजे जेवण. पाचापुढे मात्र जागा कोरी होती.

"अहो बाई, पाच म्हणजे काय?" नवऱ्याने दाराबाहेरून विचारलं. आतून फक्त कडी लागल्याचा आवाज आला.

नवरा सरकारी कचेरीत आवक-जावक बघणारा कारकून. गल्लीत सगळे त्यांना कारकूनबुवाच म्हणत. कोऱ्या रकान्याचा त्यांना भारी तिटकारा. कचेरी साथीमुळे बंद होती, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातच वही आखली. आवक : किती ठोके. जावक : काय पाठवलं. एवढा खटाटोप उगाच नव्हता. लग्नापासून बाईंचं एकच गाऱ्हाणं होतं, "तुम्ही माझं ऐकता कुठे? या कानाने ऐकता आणि त्या कानाने सोडून देता." आता ती बाई तापात वर एकटी पडली होती, आणि खाली आपलं कोणी ऐकत नाही असं तिला वाटलं तर ते कारकूनबुवांना सहन होणार नव्हतं. एकही ठोका वाया जाऊ द्यायचा नाही, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली.

दोन दिवस कारभार सुरळीत चालला. मास्क लावायचा, जिना चढायचा, दाराबाहेरच्या स्टुलावर कप ठेवायचा आणि मागे न बघता खाली यायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला एक ठोका आला, चहा गेला. साडेनऊला पुन्हा एक आला. ते कप ठेवून खाली येतात तोच दोन. पाणी ठेवलं, तर तीन. मग एक, लगेच आणखी एक. बाईंना तापात तहान लागली असेल, असं म्हणत कारकूनबुवा चढत-उतरत राहिले. स्टूल भरलं, तेव्हा त्यांनी वरच्या पायरीवर ठेवायला सुरुवात केली. मग तिच्या खालच्या पायरीवर. कप संपले, पेले निघाले.

मध्येच बाईंचा फोन वाजला. वर्गातली एक मुलगी होती. "काका, बाई बऱ्या आहेत का?"

"बऱ्या आहेत गं," कारकूनबुवा धापा टाकत म्हणाले, "चहा भरपूर घेतायत."

अकराव्या चहाला दूध संपलं. कारकूनबुवा मास्क सारखा करून अंगणाच्या भिंतीपाशी गेले. पलीकडे शेजारचा सुतार पाठमोरा उभा होता. काम बंद असल्यामुळे तो घरीच खुर्ची बनवत होता.

"जरा पेलाभर दूध मिळेल का? भिंतीवर ठेवा, मी लांबून उचलतो."

सुताराने तोंडातले खिळे काढून मास्क वर ओढला. "देतो की. पण सकाळीच तर तुमच्याकडे पिशवी आलेली दिसली?"

"आमच्या बाई सारखा चहा मागतायत हो. अकरा झाले."

"अकरा? आजारी माणसाला?" सुताराने मान हलवली आणि खुर्चीत अर्धवट बसलेल्या खिळ्यावर दोन घाव घातले.

"आलो, आलो! पाणी आणतो!" म्हणत कारकूनबुवा वळले आणि चार पावलांवर थबकले. हळूच मागे बघत त्यांनी विचारलं, "आत्ता ठोकलंत ते तुम्ही?"

"मग काय तुमच्या बाईंनी? साडेनऊपासून ठोकतोय."

कारकूनबुवांचा चेहरा खर्रकन उतरला. सगळा प्रकार ऐकून सुतार इतका हसला की त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. शेवटी तो म्हणाला, "बरं, असं करू. ठोकायच्या आधी मी 'सुतार!' म्हणून ओरडतो. मी ओरडलो नाही, तर तो ठोका बाईंचा."

आणि खरोखरच दुपारपर्यंत गल्लीत "सुतार!" आणि ठक, "सुतार!" आणि ठक ठक चालू राहिलं. कारकूनबुवा दर वेळी अर्धवट उठून पुन्हा बसत. साडेनऊपासूनच्या सगळ्या नोंदींवर त्यांनी काट मारली. एवढं मन लावून ऐकलं, तेही भलत्याचंच, या विचाराने त्यांना फार ओशाळं वाटत होतं.

दीडच्या सुमाराला ठोके पडले. एक, दोन, तीन, चार, पाच.

कारकूनबुवा खिडकीतून ओरडले, "सुतार, तुम्ही का?"

"नाही हो! मी जेवतोय!"

लाल शाईच्या यादीत पाचापुढे काहीच नव्हतं. रिकाम्या हाताने वर जायची त्यांना भीतीच वाटली, पण थांबवेना. कप आणि पेले चुकवत ते जिना चढले आणि लांबूनच म्हणाले, "बाई, काय हवंय? पाचाचं काही लिहिलेलं नाही."

दाराखालून एक चिठ्ठी सरकली. पायाने ती लांब ओढून त्यांनी उभ्या-उभ्याच वाचली.

'सकाळचा चहा घेऊन झोपले ती मघाशी उठले. ताप उतरलाय. दार उघडलं तर बाहेर चहाचं दुकान. तेवढ्यात शेजारून 'सुतार!' अशी आरोळी आणि पाठोपाठ ठोका ऐकला आणि उलगडा झाला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा जिवाचा कान करून ऐकलंत, तेही शेजारच्या सुताराचं!'

त्याखाली लाल शाईत उत्तर होतं.

'पाच म्हणजे काही नको. नुसते बाहेर बसा.'

कारकूनबुवांनी चष्मा पुसला. चार पायऱ्या खाली उतरून, दोन गार चहा बाजूला सारून ते बसले. बंद दारामागे बाई दाराशीच बसल्याचा आवाज आला. शेजारून "सुतार!" अशी हाक आली, ठोका पडला, आणि कारकूनबुवा जागचे हलले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी वही उघडली. आवक : पाच ठोके, दुपारी दीड. जावकेच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थोडं अडलं. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : स्वतः.