मुजावरांचं 'येतो'

त्या विमानतळावर प्रवासी घराच्या उंबऱ्यावर काय बोलून निघाला हे काउंटरच्या पडद्यावर उमटतं, आणि 'जातो' म्हणून निघालेल्याची तिथल्या यंत्रावर नोंद झाली की त्याला पुन्हा घरी जाता येत नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. हेमलता बिडकर जन्मभर 'येते' म्हणत आल्या होत्या. नेमकं त्या दिवशी बंगळूरला लेकीला कळा सुरू झाल्या, दारात रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला, आणि अर्धांगवायूने खाटेला खिळलेल्या नवऱ्याच्या उशाशी पाणी ठेवून बाई "जाते हो" म्हणून मोकळ्या झाल्या.

काउंटरवरच्या मुजावरांनी पडदा पाहिला आणि आवाज खाली आणला. "काकू, तुम्ही 'जाते' म्हणून आलाय."

हेमलताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. घरी जाऊन पुन्हा म्हणून यावं, तर विमान थांबणार नव्हतं. न जावं, तर लेक एकटी. गेलं, तर बिडकरांना घास भरवायला कोण? शेजारीण थोडे दिवस करील, जन्मभर नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

मुजावरांनी स्वतःचं ओळखपत्र यंत्रावर टेकवलं. सकाळी घरून निघताना ते रीतसर 'येतो' म्हणाले होते. ते 'येतो' त्यांनी बाईंच्या तिकिटावर चढवलं.

मग तुम्ही घरी कसे जाणार, असं बाईंनी विचारलं.

"तुम्ही आला की जाईन. लवकर या म्हणजे झालं."

आभार मानायच्या आत विमानाची शेवटची हाक झाली.

विमानात हवाई सुंदरीने तिकीट बघून "नमस्कार, मुजावर" म्हणत पाणी दिलं. नातू झाला, गोंडस झाला, पण बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालतानाही काउंटरमागे झोपणारा तो माणूस डोळ्यांसमोर येई. लेक रुसली, तरी बारसं उरकताच त्या निघाल्या.

मुजावर काउंटरवरच होते. दाढी वाढली होती. बायको फाटकाशी डबा आणून देई, आणि आपली लेक चालायला लागली हेही त्यांना डब्याबरोबरच कळलं होतं. हेमलताबाईंनी पेढ्यांचा खोका पुढे करून मनात घोकलेलं आभाराचं भाषण सुरू केलं. मुजावर मान खाली घालून ऐकत राहिले. अडचण साधी होती. घरचा उंबरा ओलांडला की 'येतो' संपतं. ते एकच होतं आणि घरं दोन.

भाषण अर्ध्यावर राहिलं. बाईंनी शेजारणीला फोन करून आजची रात्र काढायला सांगितलं. ती कुरकुरली, पण हो म्हणाली.

"घ्या तुमचं," हेमलताबाईंनी तिकीट यंत्रावर ठेवलं. "उद्या निघताना दोनदा म्हणा. विसरलात तर मी इथंच राहिले."

मुजावर पळतच गेले. बाई त्यांच्या खुर्चीत बसल्या.

सकाळी काउंटर उघडायची वेळ टळून गेली तरी मुजावरांचा पत्ता नव्हता. बाईंना त्यांचा राग आला, मग त्या रागाची लाज वाटली, मग नुसती भीती उरली. रांग चुळबुळ करत होती. अखेर मुजावर घामाघूम होऊन आले. लेक पायाला बिलगली होती, सोडवत नव्हतं, म्हणाले.

"दोनदा म्हणालात ना?"

"तीनदा. एक वरचं असू दे काकू. नातू परत बोलवंल की."

"फार उपकार झाले, बाबा," हेमलताबाई म्हणाल्या. भाषणातलं एवढंच त्यांना आठवलं.

घरी पोचून त्यांनी उंबऱ्यावरून पाय आत टाकला. बिडकरांनी खाटेवरून विचारलं, "कोण, मुजावर का?"

"हो," बाई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवलं.