बरोब्बर पडलं

"डोळ्यात म्हनलं होतं, मिशीत नाई," बाजेवर उताणे पडलेले बापूराव पुटपुटले.

"काई म्हनलं का?" औषधाची बाटली धरलेल्या सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"नाई. बरोब्बर पडलं."

बापूरावांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सूज उतरवायला डॉक्टरांनी थेंब दिले होते. दिवस भाताच्या रोवणीचे. मुलगा अश्वजित आणि सून खुशबू पहाटेच शेतावर, बांधीत जायचे, म्हणून थेंबांचं काम सत्यशीलाबाईंनी स्वतःकडे ओढून घेतलं. कधी थेंब भुवईवर, कधी कानात. बापूराव सगळे बरोब्बर म्हणून खपवत. बायकोच्या हातचा मिठाचा चहाही ते 'मस्त' म्हणत प्यायचे. खुशबू भातातले खडे गुपचूप ताटाखाली सरकवायची. एवढं घर जिनं हातावर पेललं, तिच्या हातून ते काढून घ्यायचं म्हणजे तिच्याजवळ उरणार काय? म्हणून कोणी बोलत नव्हतं.

मग बापूरावांचा डोळा पळसाच्या फुलासारखा लाल झाला. ठणकायला लागला. रोवणी टाकून सगळे गडचिरोलीला दवाखान्यात गेले.

खोलीत शिरताच सत्यशीलाबाईंनी खुंटीवरच्या पांढऱ्या कोटाला हात जोडले. "जयभीम, डॉक्टरबाई!"

बापूरावांनी घाईघाईनं कोटाला हात जोडले. मग अश्वजितनं. मग खुशबूनंही. खुर्चीतल्या डॉक्टरबाई बघतच राहिल्या.

"थेंब टाकता ना यांना?" त्यांनी विचारलं.

"रोज जी! बाटली सरत आली," आवाज आला तिकडे वळून सत्यशीलाबाई अभिमानानं म्हणाल्या.

"इतक्यात? कसे टाकता, दाखवा बघू."

सत्यशीलाबाईंनी नवऱ्याचं कपाळ चाचपलं, नाकावरून बोट खाली आणलं, डोळा सापडताच बाटलीचं तोंड थेट त्यात टेकवलं. अलीकडे नेम चुकू नये म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती.

"अहो, थांबा!" डॉक्टरबाई ओरडल्याच. "बाटली डोळ्याला लावायची नाही! आधी हात साबणानं धुवायचे. खालची पापणी हलकेच ओढायची, वरून एक थेंब सोडायचा, मग डोळा मिटून घ्यायचा. बाटली टेकवून जंतू आत गेले तर डोळा जाईल यांचा!"

अश्वजित पंख्याकडे बघू लागला. खुशबू पायावरचा चिखल खरवडू लागली.

"आणि डोळा समोर असताना चाचपता कशाला?"

"मीच हालतो जी," बापूराव झटकन म्हणाले. "तिची काई गलती नाई."

सत्यशीलाबाईंनी बाटली टेबलावर ठेवली. टेबल वीतभर पलीकडे होतं. बाटली फरशीवर घरंगळत गेली; उचलायला कोणी वाकलं नाही.

"हालत नाई ते, कधीच हालले नाई," त्या म्हणाल्या. "मले दिसत नाई, डॉक्टरबाई."