ताणमुक्ती कक्ष, टोकन क्रमांक सहा

माणसाला मन असतं हे आता सर्वमान्य झालं आहे. ते कोणत्या विभागाकडे सोपवायचं, एवढाच प्रश्न उरला आहे. वजनमापे तपासणी कार्यालयात हा प्रश्न गेल्या वर्षी निकालात निघाला.

झालं असं, की एक निरीक्षक दुकानातला काटा तपासता तपासता रडायला लागला. माणूस अनुभवी. एकोणीस वर्षांत एका ग्रॅमची चूक नाही. रडण्याचं कारण घरगुती होतं, पण वेळ कामाची होती. अहवालाच्या छापील नमुन्यात रडण्यासाठी रकाना नव्हता, म्हणून त्याने 'यंत्राभोवती ओलावा आढळला' अशी नोंद केली आणि शिक्का मारला. (काटा बरोबरच होता.)

संचालक सहृदय होते. आठ दिवसांत त्यांनी परिपत्रक काढलं: कर्मचाऱ्यांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी ताण आल्यास तो मनात न ठेवता जिन्याखालच्या खोलीत आणावा. त्या खोलीत तोवर मोडके तराजू असत. ते बाहेर व्हरांड्यात गेले आणि आत एक टेबल, दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा आणि धबधब्याचं चित्र आलं.

कक्षप्रमुख म्हणून हेडक्लार्कांची निवड झाली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी रागावलेलं, हसलेलं किंवा गोंधळलेलं पाहिलं नव्हतं. मनाचं आरोग्य म्हणतात ते हेच, यावर निवड समितीचं एकमत झालं. (पाठीमागे लोक त्यांना 'फूटपट्टी' म्हणत. ते सरळपणाबद्दल असावं, असा त्यांचा समज होता.) त्यांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मिळालं आणि तीन नियम मिळाले, ते दाराबाहेर पाटीवर रंगवून घेतले गेले. समोरचा बोलत असताना मध्ये बोलू नये. सल्ला देऊ नये. घड्याळाकडे पाहू नये. वीस मिनिटं झाली की शिपाई दार वाजवेल. शिवाय एक फॉर्म होता, ज्यात ताण दहापैकी किती, हे भेटीआधी आणि भेटीनंतर लिहायचं होतं.

पहिली आली टंकलेखिका. दोन महिने ती आणि तिचा नवरा मुलांच्या मार्फत बोलत होते. तिचं दुसरं वाक्य संपायच्या आत हेडक्लार्कांच्या जिभेवर 'विषय वाढवू नका' हा त्यांचा आवडता उपाय तयार होता. त्यांनी तो गिळला. ती वीस मिनिटं बोलली, नाक पुसलं आणि आठावरून पाचावर आली. हेडक्लार्क चकित झाले. काहीही न करता काम झाल्याचा हा त्यांचा पहिलाच अनुभव. (याबाबत कार्यालयात मतभेद आहेत.)

तीन महिन्यांत एकशे चौदा माणसं येऊन गेली. एकशे नऊ हलकी झाली, तीन होती तशीच राहिली, एकाला झोप लागली आणि कर्मचारी संघटनेच्या चिटणीसांचा ताण वाढला, कारण बोलता बोलता त्यांना आणखी मुद्दे आठवले.

एवढं ऐकून हेडक्लार्क घरी जात, तेव्हा त्यांचे कान भरलेले असत. (कोणी भरवले होते अशातला भाग नाही.) त्यांची बायको इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेई. तिची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. दोघांची गाठ पडे ती संध्याकाळी, टीव्हीसमोर.

"अहो, जरा बोलायचं होतं."

"आज नऊ जणांचं ऐकून आलोय गं. उद्या बोलू."

असे अकरा उद्या गेले.

ऐकणाऱ्यानेही दर गुरुवारी स्वतःची मनःस्थिती नोंदवावी, असा नियम होता. त्या गुरुवारी सकाळी हेडक्लार्कांनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'घरातील वाद: शून्य. संवाद: सुरळीत. वातावरण: शांत.' आठवडा खरंच छान चालला होता. वर्तमानपत्र ठेवलं तिथेच सापडत होतं. ताण त्यांनी एक लिहिला. शून्य लिहिलं तर गर्विष्ठपणा वाटला असता.

साडेअकराला टोकन क्रमांक सहा आत आलं.

"बसा," हेडक्लार्क फॉर्मवरची नजर न काढता म्हणाले. "काय त्रास होतो तुम्हाला?"

"'तुम्हाला' म्हणालात, बरं वाटलं," समोरून आवाज आला.

त्यांनी वर पाहिलं. बायको होती.

"तू? किल्ली विसरलीस का?"

"मध्ये बोलायचं नाही, असं बाहेर लिहिलंय." तिने पर्स मांडीवर घेतली. "मी सोमवारी सकाळी ताईकडे राहायला गेले. आज गुरुवार आहे."

हेडक्लार्कांनी तोंड उघडलं, पाटी आठवली आणि मिटलं.

"फ्रिजमध्ये चार डबे ठेवले होते, वार लिहून. ते संपले असतीलच. सोमवारच्या डब्याखाली चिठ्ठी होती."

चिठ्ठी त्यांनी पाहिली होती. इस्त्रीच्या कपड्यांचा हिशेब असेल म्हणून बाजूला सारली होती.

"पहिल्या दिवशी वाटलं, रागावला असाल. दुसऱ्या दिवशी वाटलं, काळजीत असाल. काल कळलं, की तुम्हाला कळलेलंच नाही. भांडून गेले असते तर निदान गेले एवढं तरी समजलं असतं." ती कोणाच्या तरी रक्ताचा अहवाल वाचावा तशी बोलत होती. "म्हटलं, जाऊन सांगून यावं. पण घरी तुम्ही ऐकत नाही. इथे ऐकता. तुमची ती टंकलेखिका रक्त तपासायला आली होती, तिने सांगितलं. फार कौतुक करत होती."

मग ती उरलेलं बोलली. मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यापासून घरात आपलाच आवाज कधीकधी दचकवतो, हे. उन्हाळ्यात कामावर दोनदा चक्कर आली, हे. दुसऱ्यांदा बरोबरच्या बाईने टॅक्सीने घरी आणून सोडलं, तेव्हा हेडक्लार्क दार उघडून 'बरं झालं, लवकर आलीस' म्हणाले होते, हेही.

'डॉक्टरला दाखव' हा सल्ला त्यांनी मोठ्या कष्टाने गिळला. मग त्यांनी डब्यातला एक कागदी रुमाल घेतला. (रुमाल फक्त येणाऱ्यांसाठी आहेत. ही अनियमितता नंतर माफ करण्यात आली.)

शिपायाने दार वाजवलं.

"आधीचा ताण?" हेडक्लार्कांनी पेन उचललं.

"दहा."

"आत्ता?"

तिने जरा विचार केला. "सात."

"घरी कधी येतेस?"

"हा सल्ला आहे का?"

"नाही. विचारतोय."

"मग पुढच्या गुरुवारची वेळ लिहा," ती म्हणाली आणि ताईकडे परत गेली.

हेडक्लार्कांनी सकाळचा स्वतःचा फॉर्म काढला, 'संवाद: सुरळीत' यावर काट मारली आणि खाडाखोडीच्या नियमाप्रमाणे शेजारी आद्याक्षरं केली.

ती पाच गुरुवार आली. दर वेळी टोकन घेऊन. सहाव्या बुधवारी संध्याकाळी ती बॅग घेऊन घरी आली. हेडक्लार्कांनी टीव्ही बंद केला आणि कारण विचारलं.

"ताई ऐकत नाही हो. तीच बोलत राहते." बॅग खाली ठेवत ती म्हणाली, "आणि डॉक्टरकडे उद्या जायचंय. तुम्ही रजा टाका."

त्यांनी रजा टाकली. सत्तावीस वर्षांत प्रथमच कारणाच्या रकान्यात 'घरगुती' एवढं न लिहिता त्यांनी खरं कारण लिहिलं. दोन ओळी कमी पडल्या.

या यशाची संचालकांनी योग्य ती दखल घेतली. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने वर्षातून एकदा, न सांगता, चार दिवस निघून जावं, म्हणजे घरोघरी तपासणी होईल, असं नवं परिपत्रक निघालं. प्रायोगिक तत्त्वावर सात जण गेले. पाच जणांच्या घरी कळलं नाही. एकाच्या घरी कळलं, पण आनंद झाला. सातवी व्यक्ती अद्याप परतलेली नाही आणि तिची तक्रारही नाही. (सातवी व्यक्ती म्हणजे संचालकांच्या पत्नी. संचालकांना अजून कल्पना नाही.)

हेडक्लार्कांची ही हकीगत वाचून काही वाचकांना हसू आलं असेल: चार दिवस बायको घरात नाही आणि याला पत्ता नाही. हसावं, हरकत नाही. फक्त आपण हे वाचायला बसलो तेव्हा घरात कोण कोण होतं, आणि आत्ता कोण कोण आहे, एवढं मान वर न करता सांगावं.