जाड मानेचा कांदा

आमचे शेजारी नाना घरी आले की खुर्चीवर बसण्याआधी थेट स्वयंपाकघरात जायचे, टोपलीतला कांदा उचलून त्याची मान दाबायचे आणि निकाल द्यायचे, "मान जाड हाय, वैनी. युरियाचा माल. पावसाळा काडत न्हाय बगा."

नोकरी सोलापुरात कारकुनाची, पण जीव सगळा मोडनिंबच्या शेतात. तिथं ते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दरवर्षी घरापुरता कांदा लावत. शेणखतावरचा कांदा लहान राहतो, पण त्याची मान बारीक, वाळून घट्ट मिटते; तो दिवाळीपर्यंत टिकतो. काढणीच्या तोंडावर युरिया दिला की कांदा फुगतो, मान ओलीच राहते आणि तिथूनच सडतो. हे ज्ञान नाना कुणालाही, कुठंही देत. माझ्या भाचीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाला न्याहाळून म्हणाले, "पोरगं चांगलं हाय की. पन मान जाड हाय!" व्याही तेव्हापासून आमच्याशी बेतानंच बोलतात.

नाकही तसंच. "नासलाय कुटंतरी," म्हणत माझी टोपली पालथी करायचे. "येक नासका ठिवला की समदी जात्यात." मला राग यायचा, पण तळाशी नासका कांदा निघायचाच.

या उन्हाळ्यात काकू आजारपणात गेल्या आणि नानांचं येणं थांबलं. श्रावणात मीच भाकरी घेऊन गेले. दार उघडताच नासक्या कांद्याचा भपकारा आला. खुंटीला कांद्यांची वेणी टांगलेली, पातीत पात गुंफून काकू घालायच्या तशी. मधल्या कांद्यांतून पाणी गळत होतं, खाली ताट ठेवलेलं.

मी हात पुढं केला तसे नाना दचकले. "नगा, वैनी! तिनं अंथरुनात बसून घातलीया. नासका काडायचा तर वेणी सोडावी लागंल. मला परत घालता येत न्हाय."

मी हात मागं घेतला.

"औंदा युरिया म्याच दिला," ते खाली बघत म्हणाले. "ती नगं म्हनत हुती. म्हनलं, येकदा तिला मोटा कांदा दिसू दे. बगून लई हसली वो."

मग ते उठले. ताटातलं पाणी मोरीत ओतलं, ताट धुतलं आणि पुन्हा वेणीखाली ठेवलं.